मदत हवी आहे: ग्राउसच्या शिकारीत कुत्रीच्या गळ्यात घंटा ठेवावी की काढावी?

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हा प्रश्न मिशिगनमधल्या परवाना काढून केलेल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असं काही करता येत नाही आणि करूही नये, त्यामुळे तो वाद इथे नको. इकडे ग्राउसचा, म्हणजे दाट रानात राहणाऱ्या तितरासारख्या पक्ष्याचा, हंगाम १५ सप्टेंबरला सुरू होऊन १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो, मग डिसेंबरमध्ये पुन्हा महिनाभर. पानं गळून गेली आहेत, चांगले दिवस थोडेच उरलेत, म्हणून घाईने विचारतोय.

माझी चांदणी तीन वर्षांची इंग्लिश सेटर जातीची शिकारी कुत्री आहे. पांढऱ्या अंगावर काळपट ठिपके, म्हणून हे नाव. पहिल्या दिवसापासून तिच्या गळ्यात पितळी घंटा आहे. आम्ही जातो ते रान म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वी तोडलेलं आणि पुन्हा फुटून आलेलं अ‍ॅस्पेन. या झाडांची खोडं मनगटाएवढी, पण इतकी दाट की वीस पावलांवरची पांढरी कुत्री दिसत नाही. म्हणून मी तिला कानांनीच पाहतो. घंटा एका लयीत वाजतेय म्हणजे चांदणी नुसती शोधतेय. तुटक, घाईघाईने वाजली की वास लागलाय. आणि बंद झाली की ती पॉइंटवर, म्हणजे दबलेल्या पक्ष्याकडे तोंड करून पुतळ्यासारखी उभी. त्या क्षणी माझ्या छातीत अजूनही धडधडतं.

अडचण ग्राउसची आहे. वुडकॉक, म्हणजे आपल्या पाणलाव्याच्या कुळातला तो लांब चोचीचा, दबून बसतो. चांदणी पाच मिनिटं समोर उभी राहिली तरी हलत नाही. ग्राउस मात्र घंटा थांबली आणि मी निघालो की चाळीस पावलांवरून फर्रर्र करून उठतो, नजरेलाही पडत नाही. नाहीतर मी पोचेपर्यंत पायी पायी पुढे सटकलेला असतो आणि चांदणी रिकाम्या जागेचा वास घेत माझ्याकडे बघते.

एका जुन्या शिकाऱ्याने सांगितलं, घंटा काढ, पक्षी तिलाच भितात. म्हणून गेले दोन शनिवार-रविवार फक्त जीपीएस कॉलर (कुत्री कुठे आहे ते हातातल्या यंत्रावर दाखवणारा पट्टा) लावून गेलो. ग्राउस थोडे जवळून उठले असं वाटलं, पण खात्री नाही. आणि दुसऱ्या रविवारी चांदणीच हरवली. हातातलं यंत्र आदल्या रात्री चार्ज करायचं राहिलं होतं, ते बंद पडलं. वीस मिनिटं मी हाका मारत, शिट्टी फुंकत फिरत होतो. सापडली ती ओढ्याकाठच्या अल्डरच्या झुडपांमध्ये. एक पुढचा पाय उचललेला, तो थरथरत होता, ओठाच्या कडेला लाळेची तार लोंबत होती. तिच्या नाकापासून हातभर अंतरावर पाचोळ्यात पाचोळ्यासारखाच वुडकॉक. त्याचा काळाभोर डोळा तेवढा दिसला. वीस मिनिटं ती माझी वाट पाहत तशीच उभी होती. मी बंदूक उचललीच नाही, तिला उचलून घेतलं.

तर घंटेने ग्राउस खरंच पळतात का? की घंटा वाजायची थांबते, त्या शांततेला ते बिचकतात? आणि घंटेच्या सवयीच्या कुत्रीला शांतपणे काम करायला कसं शिकवायचं? दिवसभर कानाखाली पितळ वाजत राहतं, त्याचीही मला काळजी वाटते.

प्रतिसाद १

चांदणीचं मनापासून कौतुक. वीस मिनिटं पॉइंट धरणारी कुत्री नशिबाने मिळते.

मी पंचवीस वर्षं मिनेसोटात सेटर पाळतोय. आधी एक विचारतो: घंटा काढल्यावर त्या दोन आठवड्यांत तुम्ही किती वेळा तोंड उघडलंत? घंटा होती तेव्हा कुत्री कुठे आहे हे कळायचं, त्यामुळे तुम्ही गप्प असायचात. घंटा गेली की माणूस हाका मारू लागतो. ग्राउसला घंटेपेक्षा माणसाचा आवाज जास्त खुपतो, हा माझा ठाम अनुभव आहे. गाडीचं दार आपटलं तरी वाटेच्या कडेचे पक्षी आत सरकतात.

दुसरं, तुमची तुलना सरळ नाही. सप्टेंबरमध्ये यंदाची पिल्लं एकत्र असतात, भोळी असतात. ऑक्टोबरअखेर ती पांगलेली असतात, पानं गळून आडोसा गेलेला असतो आणि जे उरलेत त्यांनी बंदुकीचा आवाज ऐकलेला असतो. त्यांच्यापुढे घंटा असो वा नसो, लांबूनच उठणार. एकाच रानात, एकाच आठवड्यात, सकाळी घंटा आणि दुपारी शांत असं करून पाहा, दुसऱ्या दिवशी उलट.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. घंटा थांबल्यावर तुम्ही कुत्रीच्या मागून सरळ चालत जाता का? तसं केलंत तर पक्ष्याला पुढे मोकळं रान मिळतं. लांबून वळसा घाला आणि समोरून किंवा बाजूने या. पक्षी तुमच्या आणि कुत्रीच्या मध्ये सापडला तर त्याला पळायची दिशा ठरवता येत नाही, मग तो दबतो. आणि अडखळत थांबू नका. चालता चालता माणूस थांबला की ग्राउस उठतो.

प्रतिसाद २

मी पॉइंटर जातीच्या शिकारी कुत्र्यांना शिकवते, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर बोलते. एकदम काढू नका. आधी घंटेच्या लोलकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळा, आवाज निम्मा होईल. दोन-चार फेऱ्यांनी घंटा उतरवा. त्याआधी अंगणात, घंटेशिवाय, दर थोड्या वेळाने ती तुमच्याकडे वळून बघते की नाही ते पाहा. वळली की हळू आवाजात शाबासकी. ही सवय लागली की रानात शिट्टी लागत नाही. हातातलं यंत्र थरथरण्यावर ठेवा, ती थांबली की ते सांगेल. कुत्री थांबल्यावर ओरडणारा बीपर, म्हणजे आवाज करणारा पट्टा, मात्र मला आवडत नाही, त्यातला ससाण्याचा आवाजही नाही.

कानांचं म्हणाल तर मोठी पितळी घंटा अगदी जबड्याखाली बांधू नका, आणि वर्षातून एकदा तिचे कान डॉक्टरांना दाखवा. आणखी एक, १ ऑक्टोबरपासून तुमच्याकडे धनुष्यवाले हरणांसाठी बसलेले असतात. घंटा नसेल तर तिला भडक नारिंगी जाकीट हवंच.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. काका, तुमचा पहिला प्रश्न वर्मी लागला. मी खरंच सतत हाका मारत होतो. या शनिवारी शिट्टी गाडीत ठेवली. सकाळी घंटा, दुपारी शांत, तोंड दिवसभर बंद. सकाळीसुद्धा एक ग्राउस घंटेसमोर दबून बसला, फक्त मी वळसा घालून गेलो म्हणून. दुपारी यंत्र खिशात थरथरलं, सत्तर पावलं दाखवत होतं. जुन्या कुंपणाच्या बाजूने फिरून समोरून आलो. चांदणी ताठ, शेपटी वर, आणि पक्षी आमच्या दोघांच्या मधल्या झुडपातून उठला. २० बोअरच्या दुनळीचा पहिलाच बार लागला. तिने आणून हातात दिला.

संध्याकाळी साफ करताना त्याची गळ्याची पिशवी उघडली, आत क्लोव्हरची (तीन पानांच्या रानगवताची) हिरवीगार पानं ठासून भरलेली. म्हणजे मी आतल्या दाट रानात शोधत होतो आणि ते चरायला जुन्या लाकूडतोडीच्या वाटांवर येत होते. उद्या त्या वाटांच्या कडेने, वाऱ्याला तोंड करून जातोय. अल्डरमध्ये वुडकॉकसाठी घंटा बांधेन. तोवर ती खिशात राहील, आत रुमाल कोंबून.