वायफायच्या रेघा पूर्ण, तरी क्रोम उघडत नाही

प्रश्न (पंचवटी):
आमचा वाडा जुना, भिंती दीड हात जाड, आणि जोडणी देणाऱ्याने राउटर माजघरातल्या फडताळात, तांब्यापितळेच्या भांड्यांशेजारी ठेवून दिला आहे. मुलगी वसतिगृहातून सुट्टीला आली असून तिच्या लॅपटॉपवर वायफायच्या रेघा पूर्ण दिसतात, पण क्रोममध्ये एकही पान उघडत नाही. प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काही अडचण आहे अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. त्याच वायफायवर आमचे फोन मात्र व्यवस्थित चालतात. शिवाय ओसरीवर बसले की ‘५जी’ शेपूट असलेल्या नावाचा सिग्नल नाहीसा होतो आणि दुसऱ्या नावाचा टिकतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे का?

उत्तर (गंगापूर रोड):
नाही, दोन्ही वेगळ्या आहेत. रेघा फक्त लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला रेडिओ सिग्नल किती जोरदार आहे ते सांगतात. त्यापुढच्या वाटेबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. फोन चालतात, म्हणजे राउटरही ठीक आहे आणि बाहेरची लाइनही. कॉलेजात बहुधा सगळी मागणी एका मधल्या सर्व्हरमार्फत, म्हणजेच प्रॉक्सीमार्फत, पाठवावी लागत असेल आणि त्याचा पत्ता लॅपटॉपमध्ये भरलेला राहिला असेल. असे पत्ते बरेचदा १० या आकड्याने सुरू होतात. ते खासगी असल्यामुळे त्या संस्थेच्या आवाराबाहेर त्यांना अर्थ नसतो, आणि क्रोम मात्र प्रत्येक पान इमानाने तिथेच मागत बसतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘प्रॉक्सी’ उघडून हाताने भरलेला प्रॉक्सी बंद करावा. क्रोम स्वतःचे वेगळे प्रॉक्सी सेटिंग ठेवत नाही, विंडोजचेच वापरतो, त्यामुळे क्रोम काढून पुन्हा टाकण्याचा खटाटोप करू नये.

उत्तर (सिडको):
वरील उत्तर बरोबर आहे, मात्र तो पत्ता कॉलेजनेच भरायला सांगितला होता ना, हे मुलीला आधी विचारावे. फुकटचे सॉफ्टवेअर उतरवताना गुपचूप प्रॉक्सी भरून ठेवणारे प्रोग्रॅमही असतात, आणि तसे असेल तर बंद केलेले सेटिंग पुन्हा चालू झालेले दिसेल. एवढे करूनही पान उघडले नाही, तर विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यावी. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे.

उत्तर (भद्रकाली):
ओसरीचे दुखणे त्या फडताळात आहे. आपला राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेगवान, पण जाड भिंत ओलांडताना लवकर दमतो. नावातल्या ‘५जी’चा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. धातू या लहरी परतवतो, म्हणून भांड्यांच्या कोंडाळ्यातून राउटर बाहेर काढून माजघराच्या दाराजवळ, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवावा. पेठेतल्या घरांत शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते, त्यामुळे २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा. हे तिघेच एकमेकांच्या पायात येत नाहीत. त्यासाठी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा लागतो. तो बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो आणि राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला सापडतो. तिथे गेलाच आहात, तर वायफायच्या सुरक्षिततेची पद्धत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आहे याचीही खात्री करून घ्यावी.

प्रश्नकर्ता (पंचवटी):
पत्ता १० नेच सुरू होत होता आणि तो कॉलेजचाच निघाला. प्रॉक्सी बंद करताच क्रोम चालू झाला. राउटर दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगला असून आता ओसरीवर ‘५जी’च्या दोन रेघा येतात. मात्र मुलगी सोमवारी परत जाणार आहे. तिने दर खेपेला हे सेटिंग उलटसुलट करायचे का?

उत्तर (गंगापूर रोड):
गरज नाही. फायरफॉक्सला स्वतःचे प्रॉक्सी सेटिंग ठेवता येते. कॉलेजचा पत्ता तिथे भरावा आणि विंडोजचा प्रॉक्सी बंदच राहू द्यावा. मग वसतिगृहात फायरफॉक्स वापरावा आणि घरी क्रोम.