जुन्या ट्रकचं रिकॉलचं काम डीलर करून देत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचा 2015 चा ट्रक आहे, त्यातून मार्केट यार्डात भाजीपाला येतो, भाऊच चालवतो. कंपनीने स्वतःहून रिकॉल काढलाय, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देणार, ब्रेकच्या पाइपचा, कस्टमर केअरला चेसिस नंबर दिला तर म्हणाले हो तुमची गाडी यादीत आहे, काम फुकट होईल. पण इथला डीलर ऐकायलाच तयार नाही. आधी म्हणे पार्ट आला नाही, आता म्हणतात गाडी सात वर्षांच्या वर गेली, नियमात बसत नाही, करायचं तर लेबर भरा.

माझ्या माहितीप्रमाणे ती सात वर्षांची अट सरकारी रिकॉलच्या नियमात आहे, 1 एप्रिल 2021 पासूनच्या. कंपनीने आपणहून जाहीर केलेल्या रिकॉलला ती कशी काय लागू होईल? बरं लेखी द्या म्हटलं तर तेही देत नाहीत, जॉब कार्डवर, म्हणजे गाडी कामाला घेताना ते भरतात त्या कागदावर, तक्रार लिहायला सुद्धा का कू करतात, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतंय.

भाऊ लोड घेऊन खंबाटकी घाट उतरतो तेव्हा घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नसतो हो.

कुणी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीये का, खरंच डीलर हलतो का त्याने? की आधी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकू? आणि दुसऱ्या डीलरकडे, म्हणजे चाकण किंवा साताऱ्याला, हेच रिकॉलचं काम करून मिळतं का? अनुभव असेल तर प्लीज सांगा, तोवर लांबची भाडी बंद ठेवलीत.