छाटणी आणि संगणकातली झाडं

प्रुशिंकेविच म्हणजे संगणकावर छान झाडं काढणारा माणूस, त्यात विज्ञान कुठलं, असं काही जण म्हणतात. थोडी भर घालतो.

माणूस मूळचा पोलंडचा, नंतर कॅनडात कॅलगरी विद्यापीठात. सिग्राफ या संगणक-चित्रांच्या (ग्राफिक्सच्या) संघटनेचा १९९७ चा पुरस्कार त्याला ग्राफिक्ससाठी, हे खरं. पण त्याच्या झाडांचा पाया जीवशास्त्रज्ञ लिंडेनमायरने १९६८ मध्ये घातलेला. नियम दोनच: लहान पेशी पुढच्या फेरीत मोठी होते, मोठीची एक मोठी नि एक लहान होते. एका लहानीपासून वहीत मांडत जा, पेशी मोजा: १, १, २, ३, ५, ८. चित्र एकही काढलं नाही, वाढ मात्र झाली!

मला खरं पटलं ते प्रुशिंकेविचचं १९९४ चं छाटणीवरचं काम. दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला काड्या गोळा करायला मी असायचोच. शेंडा उडवला की खालचे झोपलेले डोळे (फांदीवरचे न फुटलेले कोंब) जागे होतात, हे मामांना तोंडपाठ. (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर पेस्टही लावतात.) प्रुशिंकेविच आणि सहकाऱ्यांनी तेच नियमात बसवलं. फांदी ठरलेल्या चौकटीबाहेर गेली की शेंडा कापला जातो, तिथून एक खूण फांदीतून मागे सरकते, आणि सुप्त डोळ्यापाशी पोचली की तो फुटतो. कापलेल्या झुडपाचा दाटपणा कुणी रंगवलेला नसतो, तो या नियमांतूनच येतो.

मामांना मोबाइलवर ती चित्रं दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "पेस्ट न लावता एवढे डोळे फुटले व्हय रे?"