मदत हवी आहे: पटल लिडोकेनमुळं सैल होतंय की हवेमुळं?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, रोज बसनं बेळगावला जाऊन एमएस्सीचा प्रकल्प करते. बधिरतेसाठी टोचतात ते लिडोकेन पेशीपटल किती सैल करतं, ते मोजायचं आहे. पेशींऐवजी डीएमपीसी या लिपिडचे (चरबीसारख्या रेणूचे) लायपोसोम, म्हणजे पटलाचे बारीक पोकळ फुगे वापरते, त्यात लॉरडान हा रंग. पटल घट्ट असलं की रंग ४४० नॅनोमीटरला जास्त चमकतो, सैल होऊन पाणी शिरलं की ४९० कडं सरकतो. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे जीपी; तो जितका कमी, तितकं पटल सैल.

लिडोकेन घातल्यावर जीपी धडाधड उतरला. मी खूश, सरही खूश. शनिवारी सहज औषधाविनाचा नमुना दोनदा बघितला. सकाळी नऊला ०.४२, दुपारी दोनला ०.०६. औषधाचा थेंब नाही की हो त्यात! आणि माझा नेम काय, तर कंट्रोल सकाळी, औषधाचे नमुने डबा खाल्ल्यावर. सर म्हणतात फ्लोरिमीटरचा (चमक मोजायच्या यंत्राचा) दिवा म्हातारा झालाय. तसं असेल काय?

प्रतिसाद १:
दिवा मंद झाला तर दोन्ही आकडे सारखेच उतरतील, भागाकार तोच राहील. त्याला दोष नको. घरातली खोबरेल तेलाची बाटली बघा, थंडीत सकाळी थिजलेली, दुपारी पातळ. डीएमपीसीचंही तेच, २४ अंशांच्या आसपास. क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या चौकोनी नळीत) थर्मामीटर बुडवून बघितलात का?

एकाच तापमानाचं रीडिंग घेऊच नका. १८ ते ३२ अंश, दर दोन अंशांना, औषधासह आणि औषधाविना. लिडोकेन वितळण्याचं तापमान खाली ओढतं. ते किती सरकलं, हाच तुमचा निकाल. आणि औषध घातल्यावर पीएच परत मोजा. लिडोकेनचा पीकेए (ज्या पीएचला अर्धे रेणू भारित, अर्धे भाररहित असतात तो) ७.९ च्या आसपास, म्हणजे बफरचा पीएच जरा हलला तरी भाररहित रेणूंचं प्रमाण बदलतं, आणि पटलात जास्त शिरतात ते तेच.

धागाकर्ती:
बुडवला. सकाळी २१, दुपारी २७. तीन आठवड्यांची रीडिंगं गेली म्हणायची. पीएच तर मी औषध घालायच्या आधीच मोजत होते, तेही आलंच. क्युव्हेटच्या होल्डरला पाण्याच्या नळ्या जोडायची सोय आहे, वॉटरबाथही आहे, पण पाणी फिरवणारा पंप नाही. खडेबाजारात मासेटाकीचा पंप बघू काय? ३२ अंशांच्या पाण्यात टिकतो काय तो?