रात्रीची फाइट: सगळ्यांकडे डार्कव्हिजन असेल तर अंधाराचा उपयोग काय?

घाटवाट_डीएम
मंडळी, डी अँड डी ५ई (डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमची पाचवी आवृत्ती) चालवतोय, २०१४चे रूल्स, पार्टी (प्लेयर्सच्या पात्रांचा गट) तिसऱ्या लेव्हलला. एल्फ विझर्ड, ड्वार्फ फायटर, हाफ-ऑर्क रेंजर आणि एकटीच ह्यूमन क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी). पुढच्या सेशनला जंगलातल्या कॅम्पवर रात्री गॉब्लिन टोळीचा हल्ला ठेवायचाय. पण होतं काय, मी मिट्ट काळोख आहे म्हटलं की तिघं एकदम ‘डार्कव्हिजन!’ (अंधारात दिसण्याची शक्ती) म्हणतात, क्लेरिकसाठी टॉर्च पेटतो आणि दिवसाच्या नि रात्रीच्या फाइटमध्ये काडीचा फरक उरत नाही. मला ती रात्र टेबलावर जाणवायला हवीय, पण क्लेरिकच्या प्लेयरला नुसतं बसवून ठेवायचं नाहीये. गॉब्लिनना कसं खेळवू?

टेकडीवरचा_नेमबाज
गॉब्लिनना सुरुवातीला ६० फुटांच्या आत आणूच नका. डार्कव्हिजन तिथे संपतं, त्यापुढे एल्फलाही काही दिसत नाही. टॉर्चचा उजेड २० फूट स्वच्छ, पुढचे २० फूट अंधुक, म्हणजे ४० फुटांवर खलास. आणि शॉर्टबोची नॉर्मल रेंज आहे ८०. आता गॉब्लिन ७५ फुटांवर झाडीत उभे करा, त्यांना टॉर्चजवळची अख्खी पार्टी दिसते कारण उजेडातल्या माणसाला बघायला डार्कव्हिजन लागतच नाही, आणि पार्टीला मात्र झाडीतलं काही म्हणजे काही दिसत नाही. त्यांना बाणावर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, आणि तुमच्या रेंजरला उलट मारताना लहान आकडा घ्यायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज. बाण सुटला की जागा कळते खरी, पण निंबल एस्केप ही खास क्षमता असल्यामुळे गॉब्लिन सरकून बोनस अ‍ॅक्शनमध्ये (त्याच पाळीतल्या जादा कृतीत) परत लपतो.

यावर पार्टीचा उपाय म्हणजे टॉर्च विझवणं. मग ७५ फुटांवरून गॉब्लिनही आंधळे, दोन्हीकडून एकमेकांना कापून साधा रोल होतो आणि त्यांना पुढे यावंच लागतं.

चौथा_प्रहर
विझवणं सोपं नाही हो, क्लेरिकचं काय? हीलिंग वर्ड या लांबून बरं करणाऱ्या मंत्राला टार्गेट दिसावं लागतं, सेक्रेड फ्लेम या हल्ल्याच्या मंत्रालाही. अंधारात तिला फायटर पडला तरी चाचपडत जाऊन क्युअर वूंड्सच करावं लागेल, ते स्पर्शाचं आहे म्हणून चालतं. शिवाय न दिसणाऱ्यावर अपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावर मिळणारा जादा वार) मिळत नाही, गॉब्लिन तिच्याजवळून आरामात निघून जातात.

माझ्या मते खरी मजा लाइट कँट्रिपमध्ये (वस्तू उजळवणारा, हवा तितक्यांदा वापरता येणारा साधा मंत्र) आहे. तिने ढालीवर लाइट टाकलेला असेल आणि आता तोच रेंजरच्या बाणावर टाकला, तर ढालीवरचा आपोआप जातो, कारण एका वेळी एकच. म्हणजे कॅम्प एकदम काळा पडतो, रेंजर तो बाण झाडीत मारतो आणि आता उजेडात कोण आहे तर गॉब्लिन! अ‍ॅडव्हान्टेज सगळा फिरला. हे करणारी एकमेव व्यक्ती कोण, तर जिला अंधारात दिसत नाही ती. तिला बसवून ठेवायचा प्रश्नच येत नाही. फक्त तिच्याकडे लाइट आहे का ते आधी बघून घ्या आणि बाण मारण्याजोगी मोकळी जागा मॅपवर ठेवा, दाट झाडीत उजेड अडला तर सगळं वाया.

पलिता
वरचं दोन्ही पटलं. माझं एकच, तीर सुटायच्या आधी गॉब्लिननी पार्टीला कात्रजचा घाट दाखवू दे ना राव. समोरच्या टेकडीवर बकऱ्यांच्या शिंगांना पलिते बांधून सोडा, पहाऱ्यावरचा सगळ्यांना उठवून तिकडे तोंड करून उभं करेल आणि खरी टोळी मागून येईल. तुमच्या विझर्डकडे डान्सिंग लाइट्स (तरंगते दिवे काढणारा मंत्र) असेल तर तोही हेच उलट करू शकतो, ते चार दिवे टॉर्चसारखे दाखवता येतात, १२० फुटांपर्यंत. कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावर सतत लक्ष) मात्र लागतं.

आणि ‘डार्कव्हिजन!’ ओरडणाऱ्यांना रूल पूर्ण वाचून दाखवा. डार्कव्हिजनमध्ये काळोख अंधुक उजेडासारखा दिसतो, त्यामुळे नजरेच्या परसेप्शनला (टेहळणीच्या रोलला) डिसअ‍ॅडव्हान्टेज, पॅसिव्हमधून (रोल न करता धरायच्या टेहळणीच्या आकड्यातून) ५ वजा. पॅसिव्ह १४ असलेला पहारेकरी ९ वर येतो आणि गॉब्लिनचा स्टेल्थ (लपण्याच्या रोलमध्ये मिळवायचा आकडा) +६ आहे, हिशोब तुम्हीच करा. फायटर प्लेट किंवा चेन मेल उतरवून झोपला असेल तर हेवी आर्मर चढवायला १० मिनिटं लागतात, म्हणजे सहा-सहा सेकंदांचे १०० राउंड, तोवर फाइट संपलेली. हे मात्र झोपायच्या आधी एकदा स्पष्ट विचारा, आर्मर घालून की काढून. मागाहून सांगितलं तर प्लेयर चिडतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

घाटवाट_डीएम
बाणावरचा लाइट भारी आहे, तिच्याकडे कँट्रिप आहेच! बकऱ्याही घेतो. एक राहिलं, मी मागच्या सेशनला पौर्णिमा म्हणून गेलोय. चांदण्यात हे सगळं चालेल?

टेकडीवरचा_नेमबाज
चांदण्या रात्रीसुद्धा बहुतेक वेळा काळोखच धरायचा असं पुस्तकात आहे, अगदी लख्ख पौर्णिमा असेल तरच अंधुक उजेड. तो धरलात तर क्लेरिकला ७५ फुटांवरचं दिसणार, हीलिंग वर्डही चालणार, आणि लपलेले नसतील तर गॉब्लिनचा अ‍ॅडव्हान्टेज गेला. त्यापेक्षा कॅम्प दाट झाडीखाली ठेवा किंवा आभाळ भरून आणा, आणि ते सेशनच्या सुरुवातीलाच सांगा म्हणजे पहारा कसा लावायचा ते पार्टी ठरवेल.