मदत हवी आहे: डी अँड डीमधली पार्टी (पात्रांची टोळी) दर दोन लढायांनंतर झोपते

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्याकडे दर शनिवारी डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) डाव बसतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, डीएम (गोष्ट आणि शत्रू चालवणारा) मी. सगळी पात्रं पाचव्या लेव्हलला. मोहीम सह्याद्रीतल्या एका काल्पनिक किल्ल्यावर.

परवा पहिल्याच बुरुजावर आठ हॉबगॉब्लिन (राक्षसी शिपाई) उभे केले. विझर्डने (जादूगाराने) फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकला. त्याला आठ फासे लागतात, आमच्याकडे सहाच, म्हणून ल्युडोच्या डब्यातले दोन घेतले. बेरीज ३०. हॉबगॉब्लिनचे हिट पॉइंट (जीव) ११, म्हणजे सेव्ह (बचावाचा फासा) जमून मार निम्मा झाला तरी १५ बसून तो गेलाच. पुढच्या चौकीवर दुसरा फायरबॉल; तिसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) संपले आणि स्वारी म्हणते, "चला, झोपू." किल्ल्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजले होते! चोवीस तासांत एकच लाँग रेस्ट (स्लॉट परत देणारी लांब झोप), हा नियम दाखवला, तर मंडळी दिवसभर करवंदीच्या जाळीत बसून राहिली.

नियमावली दिवसाला सहा ते आठ लढाया धरते, आमच्या होतात दोन. मोठा शत्रू म्हणून हिल जायंट आणला, त्याने पहिल्याच फेरीत क्लेरिक (आमचा पुजारी) आडवा केला. रात्री छापा घातला, पण झोप मोडायला तासभराची धामधूम लागते आणि आमची लढाई चार फेऱ्यांची, म्हणजे २४ सेकंद.

खरं दुखणं वेगळंच आहे. माझी मावसबहीण वॉरलॉक (दुसऱ्या प्रकारचा जादूगार) खेळते. तिला स्लॉट दोनच, पण ते तासाभराच्या शॉर्ट रेस्टला परत येतात. इथे शॉर्ट रेस्ट कोणी घेतच नाही. गेल्या वेळी ती अर्धा डाव फोन बघत होती.

शॉर्ट रेस्ट ८ तासांची आणि लाँग रेस्ट ७ दिवसांची, हा पर्यायी नियम मोहिमेच्या मध्येच कोणी लावला आहे का? पोरं भांडतील अशी भीती वाटते.

प्रतिसाद १
मध्येच नका लावू, विझर्डवाला रुसेल. त्यांना खुशाल झोपू दे, पण किल्लेदार जागा आहे ना? बुरूज पडल्यावर तो दिवसभर काय करतो ते लिहून काढा. दरवाजे बंद, पहारे दुप्पट, खजिना चोरवाटेने बाहेर. आणि हॉबगॉब्लिन एका घोळक्यात उभे करू नका, फायरबॉलची त्रिज्या २० फूट असते.

धागाकर्ता
घोळक्याचं लक्षातच आलं नव्हतं! तटावर दोन-दोन करून पसरवतो. पण खजिना गेला तर हे मोहीम सोडून परत गावात झोपायला जातील, त्याचं काय करू?