मदत हवी आहे: पर्प एक्सचेंजची खरी उलाढाल कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. विकेंद्रित पर्पेच्युअल (पर्प) एक्सचेंजमधली, म्हणजे मुदत नसलेले क्रिप्टो फ्युचर्स मध्यस्थ कंपनीशिवाय जिथे चालतात त्या बाजारांमधली, चुरस समजून घेतोय. हायपरलिक्विड या एक्सचेंजने व्हेंचर भांडवल (गुंतवणूक कंपन्यांचा पैसा) न घेता नोव्हेंबर 2024 मध्ये थेट वापरकर्त्यांना टोकन वाटले. डीवायडीएक्स या दुसऱ्या एक्सचेंजच्या मागे मात्र पॅराडाइमसारखे बडे गुंतवणूकदार. मग अ‍ॅस्टर आलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये डेफीलामा या आकडेवारीच्या साइटने त्याचे उलाढालीचे आकडे काढून टाकले, कारण ते बायनान्स या मोठ्या केंद्रीय एक्सचेंजच्या आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते.

पॉइंट्ससाठी (सौद्यांवर मिळणारे गुण, ज्यांवर पुढे टोकन मिळण्याची आशा असते) लोक स्वतःशीच सौदे करतात, त्यामुळे नुसत्या उलाढालीवर माझा भरवसा नाही. मी रोजची उलाढाल भागिले ओपन इंटरेस्ट (अजून बंद न झालेल्या सौद्यांची एकूण किंमत) करून बघतो; उत्तर फार मोठं आलं की शंका येते. पण फार म्हणजे नेमकं किती? जमा झालेलं शुल्कही धरायचं का? कोणी असं काम केलं असेल तर कृपया पद्धत सांगा.